पहिली हाळी आणि दुसरी

आर्नी केतोलाला स्टॅन व्रोबेलच्या बारमध्ये बिअर मिळायची, पण कागदी कपात.

बाकी सगळ्यांना काचेचे मग. काउंटरमागच्या भिंतीवर पितळी आकडे ठोकलेले होते आणि प्रत्येक आकड्याला एकेका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मग लटकत असे, त्यावर लाल रंगात त्याचं नाव. मेलेल्यांचेसुद्धा मग तिथे होते. दर नाताळला स्टॅन ते धुऊन-पुसून पुन्हा जागच्या जागी टांगायचा. आर्नी मात्र सदुसष्टच्या नोव्हेंबरपासून ते दोन हजार सातच्या शरद ऋतूपर्यंत, दर मंगळवारी, लहान मुलांच्या वाढदिवसाला आणतात तसल्या कपात प्यायला. तो "थँक्स, स्टॅन" म्हणायचा. स्टॅन त्याच्या डोक्यावरून टीव्हीकडे बघायचा. चाळीस वर्षांत एवढंच बोलणं झालं, आणि तेही एकाच बाजूने.

"गावात आणखी चार बार आहेत," आर्नीची बायको डोलोरेस म्हणायची. "तिथे माणसासारखं प्यायला देतात. त्या अस्वलाकडेच तुझं काय अडलंय?"

"त्याची बिअर थंड असते," आर्नी म्हणायचा.

हे साफ खोटं होतं. स्टॅनची बिअर सेंट ओडीलमध्ये सगळ्यात कोमट, हे शेंबडं पोरही सांगेल. आर्नीला हवं होतं ते एवढंच की कधीतरी स्टॅनने त्याच्याकडे बघावं आणि म्हणावं, की बाबा रे, तू तो सामना विकला नव्हतास. दुसरं काहीही मागणं त्याने आयुष्याकडे केलं नाही. नाही म्हणायला एक चांगलं बोटीचं इंजिन मागितलं होतं, ते त्याला मिळालं.

आमच्या नदीच्या एका काठाला पाइक लँडिंग, मिशिगनमध्ये, आणि दुसऱ्या काठाला सेंट ओडील, विस्कॉन्सिनमध्ये. मधे लोखंडी पूल. गाडीने तीन मिनिटं लागतात. पण त्या काळी पलीकडच्या गावाला जातो म्हटलं की आया डोळ्यांना पदर नाही तरी एप्रन लावायच्या. पाइक लँडिंगमध्ये लाकडाची गिरणी, सेंट ओडीलमध्ये कागदाची. आठवडाभर लोक गिरणीत राबायचे आणि रविवारी एकमेकांची हाडं मोडायचे. त्याला फुटबॉल म्हणत. पाइक लँडिंगचा संघ रिव्हरमेन, सेंट ओडीलचा मिलर्स. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी या दोघांचा सामना व्हायचा आणि त्याच्या निकालावर पुढचं वर्षभर कुणी मान वर करून पूल ओलांडायचा ते ठरायचं.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा लाडका लेक. चेंडू त्याच्या हातात येतो, तो फेकतो किंवा घेऊन पळतो, वर्तमानपत्रात फोटो त्याचा छापतात. त्याच्या पुढे पाच आडदांड माणसं ओणवी उभी असतात, त्यांना लाइन म्हणतात. मार खाणं एवढंच त्यांचं काम. त्यातला मधला तो सेंटर. तो दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो. कधी द्यायचा? तर क्वार्टरबॅक "हट!" अशी हाळी देतो तेव्हा. चेंडू सुटायच्या आधी कुणी हललं की शिट्टी वाजते आणि संघ पाच यार्ड मागे.

आता पाइक लँडिंगवाले सुटायचे पहिल्या हाळीला. त्यांच्या जुन्या मास्तरांचं मत असं, की लाकूडतोड्यांना दोनपर्यंत मोजायला लावलं तर निम्मे तिथेच अडकतील. सेंट ओडीलवाले सुटायचे दुसऱ्या हाळीला. त्यांचे मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, ताल अंगात मुरवावा लागतो म्हणायचे. दोन्ही गावांत पोरं चालायला लागली की अंगणात हेच खेळायची, त्यामुळे एका काठाची पोरं पहिल्या हाळीची निपजत आणि दुसऱ्या काठाची दुसऱ्या हाळीची.

आर्नी पाइक लँडिंगचा. बाप जंगलातल्या तळावर आचारी, आई फिनलंडहून आलेली, कमी बोलणारी आणि भरपूर वाढणारी. बाविसाव्या वर्षी तो रिव्हरमेनचा क्वार्टरबॅक झाला. तेव्हा पलीकडे मिलर्सचा क्वार्टरबॅक होता वेंडल पेलटियर, हसरा, केसांना तेल लावणारा, पळताना कायम डावीकडे पळणारा. आणि वेंडलचा सेंटर होता स्टॅन व्रोबेल.

सहासष्टच्या थंडीत दोन गोष्टी झाल्या. पाइक लँडिंगची लाकडाची गिरणी बंद पडली आणि आर्नी बेकार झाला. आणि वेंडलचं पाइक लँडिंगच्या लॉरेनवर मन बसलं. लॉरेनच्या बापाचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो म्हणाला, "मुलगी हवी तर चेंडू या काठावरून फेकायचा." वेंडलने एक रात्र विचार केला म्हणतात, लॉरेन म्हणते, पाच मिनिटं. इकडे कागदाच्या गिरणीचा फोरमन आर्नीला म्हणाला, "नोकरी आहे. शिवाय आमची क्वार्टरबॅकची जागाही रिकामी झालीय, तुला माहीतच असेल."

अशी दोघांची अदलाबदल झाली. टीव्हीवरच्या बड्या संघांतही क्वार्टरबॅक वैऱ्याकडे जातात. लोक त्यांचे शर्ट जाळतात आणि पुढल्या वर्षी नवे विकत घेतात. पण ती माणसं विमानातून येतात-जातात. आमच्याकडे शर्ट जाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तुमच्या मागे रांगेत उभा असतो.

सेंट ओडीलने आर्नीला बरं वागवलं, हे कबूल करायला हवं. स्टॅनने तर उराशीच धरला. सात सामने आर्नीने दुसऱ्या हाळीला चेंडू घेतला, एकदाही चुकला नाही, सातही जिंकले. मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. सामना पाइक लँडिंगच्या मैदानावर. दोन्ही गावं झाडून हजर, आर्नीची आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पेस्टीचा, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्यांचा, डबा. मिलर्स चार गुणांनी मागे, शेवटची काही सेकंदं उरलेली, आणि चेंडू शेवटच्या रेषेपासून दोन यार्डांवर. ओणवं होऊन पलीकडे घुसलं की सामना जिंकला.

आर्नीने हाळी दिली, "हट!" आणि आर्नीच पुढे गेला.

लाइन जागची हलली नव्हती. ती दुसऱ्या हाळीची वाट बघत होती. चेंडू स्टॅनच्याच हातात होता, आणि आर्नी रिकाम्या हातांनी जाऊन स्टॅनच्या पाठीवर आदळला. शिट्टी वाजली. पाच यार्ड मागे. पुढचा फेकलेला चेंडू एका रिव्हरमनने हवेतच पकडला आणि पाइक लँडिंगभर घंटा वाजायला लागल्या.

"माझा पाय गेला," आर्नी म्हणाला. "मी नाही नेला, गेला."

"सात सामने नाही गेला तो," स्टॅन म्हणाला. "आणि नेमका आज, तुझ्या गावात, तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर गेला? कितीला विकलास रे?"

त्यानंतर स्टॅनने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि स्टॅनने टाकलं म्हणून गावानेही थोडंफार टाकलं. गंमत म्हणजे वेंडलचीही उलट बाजूने तीच गत होत होती. सरावात तो दुसऱ्या हाळीची वाट बघत उभा राहायचा आणि चेंडू येऊन त्याच्या छातीवर आपटायचा. पण पाइक लँडिंगवाले त्यावर हसायचे. जिंकणाऱ्यांना हसायला काय जातं? आर्नी हरला होता.

दोन्ही गावांत फितूर ठरलेली ही दोन माणसं मग एकमेकांची झाली, यात नवल नाही. दर मंगळवारी सकाळी आर्नी एका काठावरून आपली बोट काढायचा, वेंडल दुसऱ्या काठावरून, आणि पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी नदीच्या बरोबर मधोमध दोघे बोटी बांधून गळ टाकायचे. वेंडल एकदा स्वतःहून स्टॅनकडे गेलाही होता. "अरे, मला स्वतःला झालंय तसं," तो म्हणाला. "अंगाला सांगून कळत नाही."

"तू पोरीसाठी गेलास, ते मी समजू शकतो," स्टॅन म्हणाला. "पण एका फितुराची साक्ष दुसऱ्या फितुराला? वा!"

वर्षं गेली. आर्नी कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाला, गॅरेजमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. दोन मुली परगावी गेल्या. छातीत एक झडप बदलून झाली, तेव्हा त्याला एका गोष्टीचा घोर लागला.

आमच्या नदीवर एक रीत आहे, दोन्ही काठांवर सारखीच. क्वार्टरबॅक मेला की त्याची पेटी त्याची लाइन उचलते. जिवंतपणी ज्यांनी त्याला अंगावर मार घेऊन सांभाळला, त्यांनीच शेवटी न्यायचा. घरची माणसं मागून चालतात. आणि पेटी उचलायची हाळी देतो तो त्याच्यानंतर त्या संघात आलेला क्वार्टरबॅक. आर्नी शेवटचा खेळला मिलर्सकडून, म्हणजे त्याला न्यायचा तो स्टॅन आणि मंडळींनी. आणि स्टॅनने भर बारमध्ये जाहीर केलं होतं, "केतोलाला मी उचलणार नाही. ट्रॅक्टर बोलवा."

"मेल्यावर तुला काय कळणार आहे कोण नेतंय ते?" डोलोरेस म्हणाली.

"मला नाही कळणार, पण गावाला कळेल," आर्नी म्हणाला. "तू मागून एकटी ट्रॅक्टरच्या धुरात चालशील." मग तो बराच वेळ इंजिनात डोकं घालून बसला.

आणि आधी गेला तो वेंडल. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, टीव्हीसमोर, आरामखुर्चीत, आपला संघ पुढे असताना. याहून बरं मरण आमच्याकडे कुणी मागत नाही. आर्नी त्या मंगळवारी बोट घेऊन तिसऱ्या खांबापाशी गेला, गळ न टाकता दोन तास बसला आणि परत आला. त्याचे डोळे सुजले होते.

दुपारी लॉरेन आली. बाई उंच, ताठ, शब्द मोजून बोलणारी, कुणापुढे नमतं घेणारी नव्हे.

"प्रार्थना सेंट ओडीलच्या चर्चमध्ये, त्याच्या आईबापाचं चर्च ते," ती म्हणाली. "पुरायचा आमच्याकडे, टेकडीवर, माझ्या शेजारी. रिव्हरमेनच्या लाइनमधले तिघंच उरलेत. सहा लागतात. म्हणून मी व्रोबेलकडे जाऊन आले. मिलर्समध्येही धड गुडघ्यांचे तिघं आहेत."

"स्टॅन हो म्हणाला?"

"वेंडलसाठी हो म्हणाला. मग मी सांगितलं, रिव्हरमेनमध्ये वेंडलमागे कुणी आलंच नाही, पण मिलर्समध्ये त्याच्यानंतर तू आलास, तेव्हा हाळी तू देणार."

"मग?"

"तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं. म्हणाला, ऐकेन, पण बोलणार नाही."

मोठा पेच पुढेच होता. उचलायचं कुठल्या हाळीला? पाइक लँडिंगचा म्होरक्या एल्मर साव्हेला म्हणाला, पहिल्या. स्टॅन म्हणाला, दुसऱ्या. दोघं पासष्टीचे बाप्ये पार्किंगमध्ये शिंगं रोखून उभे. शेवटी लॉरेननेच निकाल दिला: चर्चच्या पायऱ्यांवर सेंट ओडीलच्या रीतीने दुसऱ्या हाळीला, पूल ओलांडला की टेकडीवर पहिल्या हाळीला. "आणि माझ्या नवऱ्याला पाडलंत तर सहाच्या सहा जणांना त्याच खड्ड्यात घालीन," ती म्हणाली.

म्हणून शुक्रवारी दुपारी आर्नीच्या गॅरेजमध्ये सराव झाला. पेटीच्या जागी आर्नीची ॲल्युमिनियमची बोट, वजनाला आत दोन इंजिनं. उजवीकडे एल्मर आणि त्याचे दोघे, डावीकडे स्टॅन आणि त्याचे दोघे, मागे आर्नी.

"एल्मर," स्टॅन म्हणाला, "त्याला सांग, आवाज जरा मोठा काढ."

"आर्नी, तो म्हणतो आवाज मोठा काढ," एल्मर म्हणाला.

"तीन फुटांवर उभा आहे तो, ऐकलं मी," आर्नी म्हणाला.

"एल्मर, त्याला म्हणावं, फार बोलू नकोस."

पाच वेळा दुसऱ्या हाळीला उचलली, पाच वेळा पहिल्या. बोट एकदाही कलली नाही. डोलोरेसने दालचिनीचे गरम रोल आणून ठेवले, सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ले. निघताना स्टॅन कुणाकडेच न बघता म्हणाला, "बघा. ज्याला लक्षात ठेवायचं असतं त्याच्या लक्षात राहतं. नसतं ठेवायचं त्याचा पाय जातो."

आर्नीने हातातला रोल तसाच खाली ठेवला.

शनिवारी सेंट ओडीलच्या चर्चबाहेर दोन्ही गावं उभी होती, मधे गल्ली सोडून, आपापल्या बाजूला. लख्ख ऊन, मॅपलची पानं पिवळीजर्द. दगडी पायऱ्या आठ, तिथे चाकांची गाडी चालत नाही. सहा जणांनी कड्या धरल्या. आर्नी मागे उभा राहिला. सूट त्याला ढगळ होत होता.

"दुसऱ्या हाळीला," तो म्हणाला. "एल्मर, दुसऱ्या."

"माहीत आहे रे बाबा," एल्मर म्हणाला. "काल दहा वेळा केलंय."

आर्नीने श्वास घेतला. "हट!"

आणि उजवी बाजू उचलली गेली. एल्मर आणि त्याचे दोघे, तिघेही, एका झटक्यात, बावीस वर्षांचे असल्यासारखे. डावी बाजू जागच्या जागी. पेटी कलंडली, आत काहीतरी धप्पदिशी सरकलं, फादरांच्या हातातलं पुस्तक पडलं, गर्दीतून "हाय हाय" निघालं.

"हट!" आर्नी ओरडला. स्टॅनची बाजू उचलली आणि पेटी सरळ झाली.

मग लॉरेन स्वच्छ आवाजात म्हणाली, "वेंडल कायमच डावीकडे पळायचा."

आधी एल्मर फिसकन हसला, मग फादर, मग दोन्ही बाजू हसायला लागल्या, आणि बायका हसता हसता डोळे पुसू लागल्या. हसला नाही तो फक्त स्टॅन. पायऱ्या उतरताना तो एल्मरला दातओठ खाऊन म्हणत होता, "लाज वाटते का? दोनपर्यंत मोजता येत नाही तुम्हाला! काल दहा वेळा केलं!"

"मी मोजत होतो," एल्मर धापा टाकत म्हणाला. "हात आधीच गेले."

"हात म्हणे गेले!"

आर्नी मागून चालत होता. हे शेवटचं वाक्य त्याने ऐकलं. त्याचं चाळीस वर्षांपूर्वी बोलून झालं होतं.

गाड्यांची रांग पूल ओलांडून गेली. तिसऱ्या खांबावर आल्यावर पुढची काळी गाडी क्षणभर हळू झाली. लॉरेनने ड्रायव्हरला तसं सांगून ठेवलं होतं. टेकडीवर फाटकापाशी दोन घडवंच्यांवर पेटी ठेवली, फादरांनी चार शब्द म्हटले. आता तिथून खड्ड्यापर्यंत तीस पावलं, उताराची.

सहा जणांनी पुन्हा कड्या धरल्या. स्टॅन पुढे, डाव्या कोपऱ्याला. त्याने पाय रोवले, मान खाली घातली. आता आम्ही दाखवतो कसं ऐकायचं, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

"पहिल्या हाळीला," आर्नी म्हणाला. "स्टॅन, पहिल्या."

चाळीस वर्षांत आर्नीने त्याला "थँक्स"शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. स्टॅनने मागे वळून पाहिलं नाही. "मला ऐकू येतं," तो म्हणाला, आणि मग, बहुधा बोलून गेल्याचं लक्षात आल्यावर, "एल्मर, सांग त्याला."

"हट!"

पाच जणांचे हात उचलले गेले. स्टॅनचे दोघे साथीदारसुद्धा जरा अडखळून उठले. स्टॅन नाही उठला. तो ओणवा, खांबासारखा, कडी घट्ट धरून. त्याच्या कोपऱ्याला पेटी खाली झुकली. त्याची मान लाल झाली, दंडाच्या शिरा फुगल्या. कुणालाही दिसत होतं की माणूस जिवाच्या आकांताने उचलायचं म्हणतोय. आणि हात काही केल्या हलत नव्हते. हात वाट बघत होते.

टेकडीवर कुणी हसलं नाही.

आर्नी त्याच्या पाठीकडे बघत होता. याच पाठीवर तो त्या रविवारी जाऊन आदळला होता. मनात आणलं असतं तर त्या क्षणी तो काहीही म्हणू शकला असता. आणि काय म्हणायचं ते त्याने हजार मंगळवार घोकलंही होतं. पण तो किंचित पुढे वाकला आणि हळू आवाजात, जणू स्टॅनपुरतंच, म्हणाला, "हट."

स्टॅनचे हात वर आले. पेटी सरळ झाली.

तीस पावलं ते नीट चालले. वेंडलला खाली ठेवल्यावर बाकीचे बाजूला झाले, टोप्या घालायला लागले. स्टॅन तिथेच उभा राहून आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत होता. एल्मरने त्याला काही म्हटलं नाही, हे एल्मरच्या सगळ्या आयुष्यातलं मोठं पुण्य.

मंगळवार उजाडला. आर्नीने बोट काढली नाही. दुपारी तीनला तो सवयीने बारमध्ये गेला. आत कुणी नव्हतं, टीव्ही बंद होता. तो आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला, अगदी टोकाच्या, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारच्या.

स्टॅन काउंटर पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "कप संपलेत."

"असू दे," आर्नी म्हणाला आणि उठायला लागला.

"बस खाली!"

स्टॅन कण्हत गुडघ्यांवर बसला, काउंटरखालच्या फळीवरून एक खोकं ओढलं आणि त्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कागद पिवळा पडून तुकडे तुकडे होत होता. आत काचेचा मग होता. त्यावर लाल रंगात लिहिलं होतं: आर्नी. भिंतीवरच्या साऱ्या मगांवरची नावं धुऊन धुऊन फिकी झाली होती. हे नाव काल रंगवल्यासारखं ताजं होतं.

"त्या सामन्याच्या आदल्या दिवशी रंगवून घेतला होता," स्टॅन म्हणाला. "जिंकल्यावर टांगणार होतो. फेकायला दहादा काढला, पुन्हा ठेवला."

आर्नी त्या लाल अक्षरांकडे बघत राहिला.

"मी चुकलो, आर्नी. चाळीस वर्षं तुला फितूर म्हणालो."

"ऐकलंय मी. आवाज मोठा आहे तुझा."

"मी हाताला सांगत होतो, उचल, उचल. गाढवा, दोन्ही गावं बघतायत, उचल." स्टॅनचा आवाज चिरकला. "नाही ऐकलं त्याने."

"माहीत आहे."

"तुलाच माहीत असणार," स्टॅन म्हणाला. त्याने मग विसळला, भरला आणि आर्नीपुढे ठेवला. मग पाठ करून उगाच बाटल्या सरळ करत म्हणाला, "तुला आम्ही नेऊ. ट्रॅक्टरचं मी रागात बोललो होतो."

"हाळी कोण देणार पण? दुसऱ्या वर्षी संघच मोडला, माझ्यामागे कुणी आलंच नाही. वेंडल म्हणाला होता, मी देईन. तो बसला जाऊन पुढे."

स्टॅनने विचार केला. "मी देईन."

"सेंटरने कधी हाळी दिलीय?"

"सेंटरने जन्मभर खाली मान घालून ऐकलंय. एकदा देईल."

"पहिलीला उचलायचं की दुसरीला?"

"दोन्ही देईन. ज्याचा हात जेव्हा उठेल तेव्हा उठेल. तू जरा कलशील, एवढंच."

"कलेन की," आर्नी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्याने घाईघाईने मग उचलला. कान होता मगाला, पण त्याने तो कागदी कप धरावा तसा वरच्या कडेला दोन बोटांनी धरला. मग निसटला, आडवा झाला, आणि अर्धी बिअर काउंटरभर पसरली.

"सवय," आर्नी ओशाळून म्हणाला.

"माहीत आहे," स्टॅन म्हणाला, आणि त्याने फडकं घेतलं.